हालचालींवर नजर

७ सप्टेंबर, सोमवार

चौथीचा विज्ञानाचा तास आजपासून माझा एकटीचा राहिला नाही. मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावून घेतलं. "‘हालचाल’ हा धडा तुम्ही आणि नृत्याच्या नव्या बाई मिळून घ्या. अर्धा तास विज्ञान, अर्धा तास नाच. मुलांना मजा येईल."

इतकी वर्षं सांधे, स्नायू, हाडं मी फळ्यावर शिकवली, मुलं पासही झाली. मग आताच जोडीदार कशाला? माझ्यावर लक्ष ठेवायला माणूस हवा असेल तर तसं सरळ सांगावं.

नवी बाई तिशीची असेल. एका जागी उभी म्हणून राहत नाही. बोलतानासुद्धा टाचा वर-खाली चालू. मी मनातल्या मनात तिचं नाव भिंगरी ठेवलं.

८ सप्टेंबर, मंगळवार

पहिला एकत्र तास. मी पुठ्ठ्याचा हात करून नेला होता – कोपराच्या जागी बटण, स्नायूंच्या जागी दोन रबरबँड. एक आखडला की दुसरा सैल पडतो, हे मुलांना नीट कळलं. मग भिंगरी म्हणाली, "आता तुम्ही सगळे रबरबँड व्हा." झालं. तेहतीस रबरबँड जमिनीवर लोळले.

एकाने विचारलं, "बाई, जिभेत हाड नाही, मग ती हलते कशी?" मी म्हटलं, स्टाफरूममध्ये येऊन बघ. मुलांना कळलं नाही, भिंगरीला कळलं. हसली. हसली ते बरं की वाईट, अजून ठरवलेलं नाही.

तासभर तिची नजर माझ्यावर होती. मी खडू कसा धरते, कशी चालते, सगळं बघत होती. वहीत काही लिहीत नाही, हे जास्तच संशयास्पद.

११ सप्टेंबर, शुक्रवार

लंबक. दोरीला दगड बांधला, मुलांनी झोके मोजले. तेवढ्यात हिने मुलांना ओळीत उभं करून हातांचे लंबक करायला लावले. "चालताना डावा पाय पुढे गेला की कुठला हात पुढे जातो?" अर्ध्या वर्गाला सांगता येईना. चालून बघितलं तर डोक्यात विचार आल्यावर पायच अडखळायला लागले. मीही मागे दोन पावलं टाकून बघितली, कुणाचं लक्ष नाही असं बघून. उजवा हात.

हे मान्य करायला जड जातंय, पण फळ्यावर हे कळत नाही.

१४ सप्टेंबर, सोमवार

घरचं लिहीत नाही म्हणून घरी सगळं ठीक आहे असं नाही.

ह्यांच्या अंगाला आठवडाभर टर्पेंटाइनचा वास नाही. पाट्या रंगवणाऱ्या माणसाच्या अंगाला रंगाचा वास नसेल तर तो दिवसभर करतो काय? विचारलं तर म्हणाले, "हल्ली सगळे छापूनच घेतात गं." खरंही असेल. पण दुकानात दोन पाट्या अर्धवट पडल्या आहेत, मी परवा डोकावून बघितलं. ‘स्वागत’ मधला ‘त’ राहिलाय.

स्कूटर बाहेर काढत नाहीत. मला न्यायला संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी चालत येतात. "चालणं बरं," म्हणतात. एरवी पानवाल्याकडे जायलाही स्कूटर लागायची.

आणि हसत नाहीत. पूर्वी माझ्या विनोदावर, तो कसाही असो, निदान मिशीतल्या मिशीत हसायचे. हल्ली चेहरा म्हणजे दुकानाचं ओढलेलं शटर. मनात काहीतरी दडवलं की माणसाचा चेहरा असा होतो. मला माहीत आहे. शाळेत रोज बघते.

१६ सप्टेंबर, बुधवार

भिंगरीने मुलांना घरचा अभ्यास दिला: फाटकातून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांची चाल बघायची आणि वर्गात करून दाखवायची. मी म्हटलं, लोकांच्या नकला करायला शिकवायचं का? म्हणाली, "नकला नाही बाई, निरीक्षण. ते तर तुमच्याच विषयात येतं ना?"

शब्दात पकडते माणसाला.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

आज वर्गात जे झालं ते डोक्यातून जात नाही.

मुलं एकेक करून चालून दाखवत होती. वॉचमन. भाजीवाली, एका बाजूला झुकलेली. मोठ्या बाई (मी दटावलं, पण हुबेहूब होत्या). मग टिपकागद उठली. ही माझी लाडकी, बघेल ते टिपून घेते म्हणून तिला मी हे नाव दिलंय. म्हणाली, "मी बाईंचे काका करते. जे बाईंना न्यायला येतात ते."

उजवा हात फ्रॉकच्या खिशात. मान जरा पुढे. छोटी छोटी पावलं, जमिनीला घासत. वर्ग हसला. मलाही हसू फुटलं, कारण होतंच तसं.

भिंगरी हसली नाही. म्हणाली, "पुन्हा करून दाखव." मग तिला जवळ घेऊन विचारलं, "हात खिशातच असतो का गं? रोज?"

रोज असतो का म्हणे. माझ्या नवऱ्याचा हात कुठे असतो ह्याची चौकशी हिला कशाला?

संध्याकाळी मी नीट बघितलं. हात खिशातच होता. फोन धरलेला असणार. मला दिसू नये म्हणून.

२१ सप्टेंबर, सोमवार

मी स्टाफरूममधून पाच मिनिटं उशिरा निघाले. फाटकाशी भिंगरी आणि हे बोलत उभे. तिने टाचा उचलल्या नव्हत्या. पहिल्यांदाच बघितलं तिला स्थिर. मला बघून दोघं गप्प झाले.

घरी येताना विचारलं, काय म्हणत होती? "काही नाही. मुलांबद्दल." आपल्याला मूलबाळ नाही, आणि चौथीच्या मुलांबद्दल ह्यांना कधीपासून उमाळा?

आवाजही असा खाली काढून बोलले की दोनदा विचारावं लागलं.

२४ सप्टेंबर, गुरुवार

धाकट्या बहिणीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, भाओजींसारख्या माणसाबद्दल तू असला विचार करतेस? तुला ना, वरणातसुद्धा खडा शोधायची सवय."

खडा असतो म्हणून शोधते.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

फाटकाशी पुन्हा ते दोघं. मी भिंतीआड थांबले. हो, थांबले. चोरासारखी.

सगळं ऐकू आलं नाही. भिंगरीचं एक वाक्य मात्र स्पष्ट: "काका, बाईंना एकदाचं सांगून टाका ना. मला त्यांच्यासमोर उभं राहायला लाज वाटते."

तोंडाने काका म्हणते.

ह्यांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. आवाज खालीच.

२६ सप्टेंबर, शनिवार

स्वयंपाक केला नाही. डोकं दुखतंय म्हटलं. ह्यांनी चहा करून आणला, अर्धा बशीत सांडलेला. बशी पलंगाजवळ ठेवली आणि तिथेच उभे राहिले. मी भिंतीकडे तोंड करून पडून होते.

सांगून टाका म्हणे. मग सांगा ना. एवढ्या वर्षांच्या संसारात मी काय कमी केलं ते तरी कळू दे. की आता माझ्या विनोदांना हसू येत नाही, का मी जाड झाले, का मूल झालं नाही – तेच जुनं?

२९ सप्टेंबर, मंगळवार

तासाला आम्ही दोघी. मी हाडांचा तक्ता लावला. तिने मुलांना वाऱ्यात सापडलेलं पान व्हायला सांगितलं. तेहतीस पानं वर्गभर भिरभिरली. एक पान खिडकीशी धडकून रडलं, भिंगरीने त्याला मांडीवर घेतलं.

मुलांशी खरंच चांगली आहे. म्हणून तर राग येतो. वाईट बाई असती तर सोपं होतं.

तास संपल्यावर माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "बाई, तुम्ही रागावलात का माझ्यावर?" मी म्हटलं, "तुम्ही रागवण्यासारखं काही केलंत का?"

मान खाली घातली तिने.

३० सप्टेंबर, बुधवार

बुधवारी शाळा सुटल्यावर मी पाचवीचा जादा तास घेते. आज मुलांना आकृती काढायला देऊन बाहेर पडले. का, ते मला माहीत होतं. शिपाई सकाळी म्हणाला होता, "बाई, तुमचे मिस्टर हल्ली बुधवारी लवकर येतात. हॉलची किल्ली मोठ्या बाईच देतात." म्हणजे मोठ्या बाईही ह्यात.

हॉलचं दार लोटलेलं होतं. फटीतून दिसलं.

भिंगरी टाळ्या वाजवत होती – एक, दोन, एक, दोन. जमिनीवर खडूने पांढऱ्या रेघा ओढलेल्या, शिडीसारख्या. आणि हे त्या रेघांवरून पाय उचलून उचलून चालत होते. दोन्ही हात हलवत. हे नाचत होते. माझ्या भावाच्या लग्नात दंडाला धरून ओढलं तरी जागचा हलला नव्हता हा माणूस.

दोघांपैकी कुणी हसत नव्हतं, एवढंच विचित्र. परीक्षेला बसल्यासारखे चेहरे. शेवटच्या रेघेपाशी ह्यांचा तोल गेला, भिंगरीने पटकन कोपर धरलं. "मस्त, काका. परत."

दार ढकलायला हात लावला होता. ढकललं नाही. वर्गात परत आले. पाचवीच्या पोरांनी कमळाची आकृती काढून ठेवली होती, मी हृदयाची सांगितली होती.

नेहमीच्या वेळी हे फाटकाशी हजर. हात खिशात. "दमलीस का?" म्हणाले. घरापर्यंत मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर रस्त्यातच ओरडले असते.

उद्या विचारणार.

१ ऑक्टोबर, गुरुवार

विचारलं. तिचं नाव घेऊन विचारलं.

ह्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. तो हात आपोआप थरथरत होता. ताटातला चमचा वाजायला लागला.

कंपवात. डॉक्टर पार्किन्सन म्हणतात. भिंगरीने त्या दिवशी फाटकाशी एवढंच विचारलं होतं – काका, डॉक्टरांना दाखवलंत का? हे उन्हाळ्यातच दाखवून आले होते. एकटे. ती त्यांच्याकडून चालण्याचा सराव करून घेते, डॉक्टरांनी सांगितलेला.

मी म्हटलं, त्या परक्या पोरीला कळलं, चौथीच्या मुलीला दिसलं, मग मला का नाही सांगितलंत?

डाव्या हाताने चमचा ताटाबाहेर काढून ठेवला. मग त्या खालच्या आवाजात म्हणाले, "तुला सांगितलं असतं, तर तू मला रोज तपासलं असतंस. मला अजून थोडे दिवस नुसता तुझा नवरा राहायचं होतं."