पुसट अक्षरं आणि माझाच ठराव

विलेपार्ले, मंगळवार

ती. श्यामसुंदरदादाला किरणचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे फक्त कागदावर). तुझा खोकला कसा आहे? वहिनींची तब्येत? मी मजेत आहे, म्हणजे सकाळी वाचनालयात पोचेपर्यंत असतो.

निवृत्तीनंतर मी आमच्या वाचनालयात संगणकयुग आणायचं मनावर घेतलंय, हे तुला ठाऊक आहेच. देणगीत आलेला संगणक म्हातारा, त्याला नवं विंडोज झेपेना. म्हणून मी त्याऐवजी फुकट मिळणारं लिनक्स घातलं आणि त्याच उत्साहात एक ठरावही मांडून बसलो: आमच्या ग्रंथपाल वनमालाबाईंनी एकतीस वर्षं हाताने लिहिलेली पुस्तकांची कार्डं कपाटासकट रद्दीत द्यावीत, यापुढे सगळी यादी पडद्यावर. रविवारच्या वार्षिक सभेत तो मंजूर व्हायचाय. वनमालाबाई नुसता चष्मा पुसत बसल्या.

आणि पडद्यावरची अक्षरं बघशील तर! पुसट, धुतलेल्या वर्तमानपत्रासारखी. मी फॉन्ट बदलले, एक नाही, चौदा. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायची सोय असते, ती चालू केली तर अक्षरं फुगली, बंद केली तर त्यांना दात आले. शेवटी इंटरनेटवर लिनक्सवाल्यांना विचारलं. एका सज्जनाने तीन पानी उत्तर दिलं, दुसऱ्याने ते कसं चूक आहे हे पाच पानांत लिहिलं, आणि मी दोघांचंही ऐकलं (माझा हा दोष तू लहानपणापासून सांगतोयस). त्यानंतर दोन दिवस संगणक सुरूच झाला नाही.

आता कुणी पुस्तक मागितलं की मी ऐटीत पडद्याकडे बघतो, कीबोर्ड बडवतो आणि डाव्या हाताने टेबलाखाली ठेवलेल्या खणातल्या कार्डावरून नंबर काढतो. परवा पुस्तक न्यायला आलेल्या क्षमाताई म्हणाल्या, "काय फास्ट चालतं हो तुमचं लिनक्स!" मी लाजून मान खाली घातली. मान खाली होती म्हणूनच नंबर सापडला.

बाकी सर्व क्षेम.

तुझा,
किरण

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. तू आजीव सभासद, आणि सभेत आक्षेप घेण्यात तुझा हात धरणारा कुणी नाही. रविवारी ये आणि माझ्या ठरावाला कडाडून विरोध कर. मी थोडा वेळ भांडेन, मग सभेच्या भावनांचा मान राखून ठराव मागे घेईन. तेवढीच इभ्रत वाचेल.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. आज वनमालाबाईंनी अक्षरं दुरुस्त केली. दोन मिनिटांत! पडद्याचं रिझोल्यूशनच (म्हणजे चित्राचं माप) चुकीचं होतं, बिचाऱ्या फॉन्टांचा काही दोष नव्हता. म्हणाल्या, "अहो, घरच्या टीव्हीवर चित्र पसरलं की मी हेच करते." वर म्हणतात, ठराव योग्यच आहे, अनुमोदन मीच देते.

मग मी दुपारी यादी टाइप करायला बसलो. आजवर नुसते नंबर बघत होतो, आज पहिल्यांदा कार्डं उलटून पाहिली. एकावर बाईंनी लिहिलंय, "शेवटचं पान नाही. विचारल्यास मी तोंडी सांगेन." दुसऱ्यावर, "आजारी माणसाला देऊ नये." दादा, मला रडूच आलं रे. हे मी कुठल्या रकान्यात टाइप करू? तेव्हा आता नाटक नको, विरोध खराखुरा कर. आणि तुला यायला जमलं नाही, तर मीच उभा राहून माझ्या ठरावाविरुद्ध बोलेन. हसणारे हसू देत.