इंडिकाच्या टेपातली कॅसेट

प्रिय रतन,

पत्र बघून घाबरू नकोस. तब्येत ठणठणीत आहे. भाकरी मीच थापतो, ती अजून गोल होत नाही एवढंच. फोनवर तू स्पीकर चालू ठेवतेस, आपली निकिता आणि जावई बाजूलाच असतात, मग मी आपला ऊस नि पाऊस यावरच बोलत बसतो. म्हणून लिहायला घेतलं.

आधी बातमी. आपल्या इंडिकाच्या जुन्या टेपाला मोबाईल जोडून घेतला. तू बंगळुरूहून आपल्या नातवाचे, पार्थचे बोबडे बोल मोबाईलवर पाठवतेस, मध्येच मला जेवलात का म्हणून विचारतेस. ते श्रीगोंद्याला जाता-येता ऐकावं म्हटलं, तर इंजिनाच्या घरघरीत काही कळत नाही. नागापूरच्या कल्याण वायरमनकडे गाडी लावली. तो म्हणाला, काका, हे भंगार काढा, नवा टेप बसवतो. मी नाही म्हटलं. लई चिकट म्हातारा, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी त्यानं टेप उघडून आतून एक वायर बाहेर काढून दिली. तिची पिन मोबाईलला लावायची. अट एकच, टेपात कॅसेट फिरत असली तरच मोबाईलचा आवाज येणार. पिन लावली की कॅसेट मुकी, नुसती फिरते. त्यासाठी कोरी कॅसेट घाला, म्हणाला.

कपाटात कोरी होती, खोटं कशाला सांगू. पण मी आपल्या घरभरणीची घातली. बायकांनी तुला नाव घ्यायला दारात अडवलं होतं आणि मी टेपरेकॉर्डर पडद्यामागं ठेवला होता, आठवतं? एरवी जन्मभर तुझं 'अहो' आणि 'ऐकलं का'. तुझ्या तोंडचं माझं नाव तेवढ्या एका कॅसेटवर. मग काय, मोबाईलवरचं तुझं बोलणं संपलं की पिन काढायची, कॅसेट मागं घ्यायची, उखाणा ऐकायचा, पुन्हा पिन लावायची. शेजारच्या सीटवर तुझी शाल आहे तिथंच आहे. आपला गडी रामहरी तिच्यावर बसायला लागला, तर त्याला मागं बसवला. तो अजून फुगलेला आहे.

जुनी पट्टी ती, रोज रोज फिरून झिजली. परवा कारखान्याच्या वळणावर टेपात गुंडाळली गेली. कल्याणनं सोडवून जोडून दिली, पण चुरगळलेला तुकडा कापावा लागला. आता तू म्हणतेस, 'श्रीगोंद्याच्या उसाला कालव्याचं पाणी', आणि लगेच बायकांचं हसणं सुरू होतं. माझं नाव गेलं. 

तू निकिताच्या बाळंतपणाला गेलीस, आता पार्थ चालायला लागला. तिला तुझी गरज होती, म्हणून तू 'अजून थोडे दिवस' म्हणालीस की मी बरं म्हणत आलो. आता बरं म्हणवत नाही. मला करमत नाही, रतन. घरी ये. नगर स्टेशनावर गाडी घेऊन येतो. टेप बंदच ठेवीन. शेजारी बसलीस की उखाण्याचं राहिलेलं तेवढं पुरं कर. गाडीत आपण दोघंच असू.

तुझाच,
सहादेव