रुपयावरचा काळा पट्टा

मुकुंदवाडी,
गुरुवार

प्रिय रत्नाताई,

अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस, आधी वाच. तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहितोय ते आईच्या पाच रुपयांबद्दल. निजामाचे, चारमिनारवाले. दर धनत्रयोदशीला ती ते पाटावर मांडायची आणि आपण चिंच घेऊन घासायला बसलो की हातावर फटका द्यायची.

काल ते घेऊन छावणीत कडुबा मास्तरांकडे गेलो. जुनी नाणी जमवण्यात त्यांचा जन्म गेलाय. त्यांनी वजन केलं, भिंगानं कडा पाहिल्या. पाचही खरे. मग विचारलं, "याला रबर कुणी बांधलं व्हतं?" वरच्या आणि खालच्या रुपयावर बोटभर काळा पट्टा आहे ना, तो रबरातल्या गंधकाचा. हिरवं काही असतं तर काळजी होती, म्हणाले. हे काळं चांदीला खात नाही, घासणारा माणूस खातो. चिंच नको, राख नको, टूथपेस्ट तर नकोच. त्यांनी रुपये डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून सुती कापडानं नुसते टिपले. पट्टा तसाच ठेवला.

आई बिडकीनला तुझ्याकडे राहायला निघाली तेव्हा रुपये हरवू नयेत म्हणून मीच सायकलच्या ट्यूबची रिंग कापून ते करकचून बांधले होते. पंक्चरवाल्याला दुसरं काय सुचणार? दोन वर्षांनी तू तिला परत सोडायला आलीस, मी रिंग काढली आणि काळे रुपये पाहून भर दुकानात म्हणालो, ताईनं खरे ठेवून घेतले, खोटे आणले. सिद्ध करायला एक रुपया कानशीनं घासला. खाली तांबं निघालं नाही, ताई. पांढरीशुभ्र चांदी निघाली. मी ती पाहिली. पण बोललेला शब्द मागे घ्यायची लाज वाटली, म्हणून म्हणालो, मुलामा जाड दिसतो. आईनं माझं खरं मानलं. तू पाणीसुद्धा न पिता गेलीस.

घासलेल्या रुपयाला इलाज नाही. त्यावरचे दोन मिनार गेले. तो माझ्याकडेच राहू दे. बाकीचे चार सोबत पाठवतोय. सुती कापडात ठेव, रबर लावू नकोस.

पण एवढ्यासाठी मी पत्र लिहायला बसलो नाही. शेवटचे तीन दिवस आई दाराकडे बघून एकच विचारायची, "रत्ना आली का रं?" मी म्हणायचो, फोन लागत नाही. बिडकीनच्या रिक्षावाल्याकडून निरोप कळून तू मातीला पोचलीस, तेव्हा तुलाही चारचौघांत तेच सांगितलं, आणि तू आपल्याच फोनला दोष देत कपाळ बडवून घेतलंस. रविवारी वर्षश्राद्ध आहे. यायचं की नाही ते हे वाचून ठरव. तुझा फोन चालू होता, ताई. मी लावलाच नव्हता.

तुझाच, तू म्हणशील तरच,
गोकुळ