रोवण्याच्या दिवसातली टीम

बाबा, रोवणा लागला की वडशातला आपला फुटबॉल क्लब अजूनही बंदच पडते. अर्धी टीम चिखलात धान रोवाले जाते अन् मैदानात म्हशी बसतात. तुमची राईस मिलही त्या दिवसात थंडच राहे. खेळ पाहाले तुमचा जीव नुसता तळमळे. मग तुमी ब्राझीलचा एक क्लब धरला, काऊन तं त्यायची जर्सी आपल्यासारखी निळी. खेळ म्हणाल तं नुसता आनंद! केबलवाल्याच्या मोठ्या छत्रीवर परदेशी चॅनल लागे. त्यायची रात्र म्हणजे आपली सकाळ. चुलीवर चहा ठेवून तुमी मले उठवत होते. कोणी बॉल घेऊन पळाला की कॉमेंट्रीवाला त्यायच्या भाषेत ओरडे, "वाई, वाई, वाई!" तुमाले ते "बाई, बाई" ऐकू ये. घरात तुमी मलेच बाई म्हणत होते ना.

मले खेळाचं होतं. आईनं साफ नाई म्हटलं. "पोरगी वयात आली, हाफ पँट घालून पोट्ट्यायमागं धावन का?" मी रडून रडून डोळे सुजवले. तुमी बशी खाली ठेवली. "अवं, तो ब्राझीलचा माणूस रोज तिले हाका मारून राह्यला, बाई, बाई! अन् आपण घरचे होऊन अडवाव?" आई हसली अन् फसली. रोवणा संपला, तुमी मले मैदानात उतरवलं. मी बॉल घेऊन सुटली की लाईनीवरून तुमचं सुरू, "बाई, बाई!" पोट्टे खिदळत. मले लाज वाटे, अन् मी आणखी जोरात पळे.

तुमी गेल्यावर एका शिबिरात गोव्याच्या मॅडम भेटल्या. ही गोष्ट ऐकून त्या पोट धरून हसल्या. "अगं, त्यांच्या पोर्तुगीजमध्ये वाई म्हणजे जा!" मी जेवणाच्या रांगेत ताट घेऊन रडली. मले वाटे तुमी हाक मारता. तुमी तं जा म्हणत होते, बाबा, स्वतःले माहीत नसताना. तुमचे उपकार कसे फेडू?

हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकू? उशीखाली ठेवून देते. माझी पोरगी उद्या पुण्याले खेळाले चालली, वर्षभरासाठी. बॅग भरून झाली तिची. सकाळपासून माझ्या तोंडाकडे पाहून राह्यली, अन् माझ्या तोंडून तो एक शब्द निघत नाई.