हाकेचा खेळ

दादा,

फुटबॉलची हवा गेलीय. सायकलवाल्याकडनं पंप मारून तसाच जळोचीच्या माळावर जातो. जेवायला थांबू नका.

इंदापूरच्या पोरांशी मॅच जवळ आली, आन् आमची पोरं अजून खाली मान घालून खेळत्यात. म्हणून हाकेचा खेळ लावलाय: ज्याला चेंडू द्यायचा, त्याला आधी नावानं हाक मारायची. पोरं लई खूश हायत. पण काल एकाच्या तोंडातनं सवयीनं "भिमा!" निघालं आन् चेंडू गेला कालव्याकडच्या उसात. तुमचा भिमा त्याच बाजूला खेळायचा. कालव्यानं त्याला नेल्यापासनं तिकडं कुणी फिरकत न्हाय. चेंडू आणायला कुणी जाईना.

उसातनं चेंडू परत आला.

पोरं किंचाळत घरला पळाली. मी आत शिरून बघितलं, तर वहिनी व्हत्या. पाण्याला म्हणून निघत्यात त्या रोज तितंच बसत्यात, हाका ऐकत.

कालव्याकडं जायचं न्हाय म्हणून रात्री तुमी त्यांना दटावलंत, ते मी ऐकलं. आज त्यांना अडवू नका. आज भिमाला पहिली हाक मीच मारणार हाय.

सावळाराम