पटकीची शिरगणती

सोमवार, ता. ३
आलो बुवा एकदाचा. रेल्वे नदीपलीकडेच सोडते. पूल ओलांडून गावात पोचायला माझ्या गुडघ्यांनी पाऊण तास घेतला, पण ऊन कोवळं होतं आणि पिशवी हलकी. लेकीला स्टेशनातल्याच पेटीत पत्र टाकलं: साथ सरून वर्ष झालंय, पंधरा तारखेला छकुलीला घेऊन निर्धास्त ये. माझे डोळे हल्ली दगा देतात, याद्या उतरवायला तिचं अक्षर हवं. खरं तर नातीशिवाय मला करमत नाही, पण ते पत्रात कशाला लिहा.

घरमालकीण शिवणकाम करते. नवरा शेजारी बसून काजं करतो, बोलतो कमी. बाई मोठी मायेची. माझी खोली झाडून ठेवली होती, उशाशी माठ भरलेला. पाणी उकळलेलं आहे, पोटभर प्या, असं दोनदा सांगितलं.

नगरपालिका म्हणते, पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, दोनशे बारा माणसं गेली. वरच्या कचेरीच्या गळी तो आकडा उतरत नाही, म्हणून मला धाडलंय. शाळा माझी चौथीपर्यंत. आयुष्यभर गोदामात पोती मोजली, उतारवयात पुस्तकं चाळून माणसं मोजायला शिकलो.

बुधवार, ता. ५
नगरपालिकेचा कारकून मला मोजणीआजोबा म्हणतो. न दिसलेले मेलेले कसे मोजणार, असं त्याने चेष्टेने विचारलं. मी मालकिणीची बटणांची बरणी मागून आणली आणि दाखवलं. मूठभर बटणं काढायची, लाल दोरा बांधायचा, परत टाकून बरणी हलवायची. मग दुसरी मूठ. तिच्यात दोरेवाली जितकी कमी, तितकी बरणीत बटणं जास्त. पहिली मूठ म्हणजे दवाखान्याची यादी, दोनशे बारा. दुसरी मूठ दफनभूमीतली. तिथल्या खोदणाऱ्याने ज्यांची ओळख लागली अशा तीनशे जणांची नोंद ठेवली आहे. बाकीच्यांच्या थडग्यांवर नुसत्या खुंट्या.

खोदणारा गप्पिष्ट. आपलं गिऱ्हाईक कधी तक्रार करत नाही, म्हणतो. लहान मुलांना आखूड खुंटी ठोकतो. राहतो पुलापलीकडे, पाण्याची बाटली घरून आणतो. मला म्हणाला, आजोबा, माझं पाणी प्या, गावातलं नको. म्हटलं, माझी मालकीण उकळून देते. त्याने बाटलीला बूच लावलं.

शनिवार, ता. ८
घरोघरच्या मोजणीत चाळीस घरं झाली. कोण गेलं, असं आम्ही कधी विचारत नाही. दुखऱ्या जागी बोट ठेवल्यावर माणूस खोटं बोलतो. आज घरात किती, एवढंच विचारायचं आणि साथीआधीच्या शिरगणतीशी ताडून पाहायचं. आधी सात, तर आजही सात. आधी चार, आजही चार. चाळीस घरांत एकही माणूस कमी नाही.

मग त्या खुंट्या कोणाच्या?

एका घरातल्या आजीबाईंनी पाणी मागितलं. माझ्या बाटलीतलं दिलं. प्यायल्या, म्हणाल्या, अजून. परत दिलं. अजून. बाटली संपली तरी हात पुढेच. सून शेजारी उभी होती, तिचीही नजर बाटलीवर.

मालकिणीने आपला कागद स्वतःच भरून दिला. आधी दोन, आता पाच. मला हसू आलं, म्हटलं, अहो, पाहुणे यायच्या आधीच मोजलेत. तीही हसली. आता लिहिताना आठवतंय, लेकीचं आणि छकुलीचं मी तिला सांगितलंच नव्हतं. की सांगितलं? वय झालं.

सोमवार, ता. १०
दोन्ही याद्या जुळवल्या. कारकून वाचत होता, मी खुणा करत होतो. दोन्हीकडे असलेली नावं फक्त वीस. दोनशे बारा गुणिले तीनशे, भागिले वीस. तीन हजार एकशे ऐंशी.

इतके मेले आणि दोनशे बारा सांगतात? गावची एकूण वस्ती किती, म्हणून साथीआधीची शिरगणती मागितली. कारकुनाने ती हसतमुखाने पुढे केली.

तीन हजार एकशे ऐंशी.

अंदाज असा खिळा ठोकल्यासारखा बसत नाही कधी. पाचपन्नास इकडेतिकडे होणारच. तीनदा मांडलं. तेच.

मंगळवार, ता. ११
खोदणाऱ्याची वही भिंग लावून स्वतः वाचली. कारकुनाने काल नुसती नावं वाचली होती. नावापुढे धंदा आणि ओळखीची खूण लिहिलीय, ते त्याने गाळलं होतं.

शिंपीण, नदीकडचं घर. खाली तिचा नवरा, काजंवाला. दोन पानं पुढे नगरपालिकेचा कारकून, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली.

काल ती काडी माझ्यासमोर होती. दोरा निळा आहे.

लेकीला लिहिलं, येऊ नकोस, काही झालं तरी येऊ नकोस. पत्र टपालवाल्याच्या हातात दिलं. मग वहीत पाहिलं. टपालवाला, डाव्या पायाने लंगडा.

सकाळपासून चारदा परसाकडे जाऊन आलो. या घरात चूल पेटलेली मी एकदाही पाहिलेली नाही. पाणी उकळलं कुठे?

बुधवार, ता. १२
दफनभूमीत गेलो. दर दहा पावलांवर बसत, पोट धरून. टपालवाल्याच्या खुंटीपाशी माझं पत्र, वर दगड ठेवलेला. न फोडलेलं.

खोदणाऱ्याच्या खोपटापुढे तीन नवीन खुंट्या. एक आखूड.

कारकून सकाळीच सांगून गेला, खोदणारा म्हणाला. मान खाली घालून म्हणाला. आजोबा, आत्ता माझ्याबरोबर पुलापलीकडे चला. उठलो, पण पिंडऱ्यांत गोळे आले, पाय टेकेना. म्हटलं, माझं राहू दे, लेकीला तार कर. तो धावत गेला. पंधराला पहाटेपासून पुलावर उभा राहीन, असं वचन देऊन गेला.

मग मालकिणीचा नवरा आणि कारकून आले. मला उचलून घरी आणलं. फार हळुवार उचललं. हात गार—

गुरुवार, ता. १३
जुलाब नुसते पाण्यासारखे. जीभ लाकूड. माठ समोर, मी हात लावत नाही. मालकीण दर तासाला येते, भरलेलाच माठ पुन्हा भरते. जाताना बाहेरून कडी लावते.

दुपार. जिन्यावर पावलं. एक मोठी, एक उड्या मारत—

नाही. आज तेरा. पंधराला यायचं होतं—

लेकीचा आवाज. म्हणतेय, बाबांना करमत नसणार म्हणून दोन दिवस आधीच आलो. तार? नाही हो, आम्ही कालच निघालो.

हाक मारतोय. घशातून आवाज फुटत नाही. बरणी दारावर फेकली, बटणं घरंगळत बाहेर गेली. छकुली हसतेय. बटणं वेचतेय. मालकीण म्हणते, आजोबा झोपेत बरळतात, बाळ, उन्हातून आलीस, आधी—

मोठ्या अक्षरांत लिहितोय. पान फाडून दाराखालून सरकवतो. लेकी, वाच. इथलं पाणी

पेला खाली ठेवल्याचा आवाज. रिकामा.

छकुली म्हणतेय, अजून—