सोनेरी कागदातलं चॉकलेट

गुरुजी, दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, म्हणून लिहायला बसले आहे. शहापूरच्या बाजारपेठेत गोळ्या-बिस्किटांचं होलसेलचं दुकान आहे, तिथं मी काउंटरला असते. तुम्हाला हसू येईल. वर्गात "खादाड कुठली" म्हणून जिच्या डोक्यात टपली मारायचात, ती आता दिवसभर बरण्यांच्या मधे बसते आणि एकही गोळी तोंडात टाकत नाही. संत्र्याच्या फोडीसारख्या लिमलेटच्या, मधे भोक असलेल्या पेपरमिंटच्या, चिंचेच्या, कैरीच्या, खोबऱ्याच्या, सगळ्या आहेत. मोठी चॉकलेटं काचेच्या थंड कपाटात असतात, उन्हाळ्यात वितळतात म्हणून. पाड्यांवर छोटी दुकानं चालवणाऱ्या बाया पाकिटं न्यायला येतात आणि काय खपेल ते मलाच विचारतात. मी सांगते ते खपतं. शाळा शिकून आलेली माझी विद्या म्हणाल तर एवढीच!

तुम्ही घाटावरचे. वैशाखरे गावाच्या पुढं आमच्या पाड्यावर बदली होऊन आलात तेव्हा तुमचं 'नाही' ऐकून आम्ही पोरी हसायचो, आणि आमचं 'नाय' ऐकून तुम्ही कपाळाला हात लावायचात. शनिवारी शाळा सुटली की एसटीनं मुरबाडला जायचात, सोमवारी परत यायचात, आणि पिशवीतून पत्र्याचा डबा निघायचा. फळ्याशेजारच्या खिडकीत तो डबा ठेवला की आमची गणितं आपोआप सुटायची. पाढा न अडखळता म्हटला की एक गोळी. माझी आवडती कॉफीची. ती मी फोडायची नाही, गालात धरून ठेवायची, आणि तुम्ही विचारलंत की एका गालानं उत्तर द्यायची. पण डब्यात तळाशी सोनेरी कागदातली चॉकलेटं असायची, ती पाढ्याला मिळत नसत. शाळेत नाव घातलं, की त्या दिवशी नव्या मुलाला तुम्ही एक द्यायचात. आमच्याकडची मुलं शाळेच्या नावानं रडत पळायची ना, त्यावर तुमची ती युक्ती होती. मला माझं मिळालं होतं. ते इतकं गोड, इतकं मऊ होतं की पुढं दोन वर्षं मी त्याचाच विचार केला, आणि काय करणार, दुसऱ्यांदा पहिलीत बसायची सोय नव्हती.

तेव्हा कुणाच्या जन्माचा कागद नव्हता. बाया घरीच बाळंत व्हायच्या. वय विचारलं की आई सांगायची, "नागलीची लावणी चालली होती तवा झाली." मग तुम्ही मुलाला ओट्यावर उभं करायचात आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचात. कान हाताला लागला तर मूल सहा वर्षांचं, नाही लागला तर पुढच्या वर्षी ये. आणि लागला की तारीख एक जून. आख्ख्या पाड्याचा वाढदिवस एकाच दिवशी, तोही सुट्टीत!

मी तिसरीत गेले त्या जूनची गोष्ट. माझी धाकटी बहीण चार वर्षांची होती. तिचा हात कानाच्या वरच्या केसांपर्यंतच यायचा. मी तिला घरामागच्या पडवीत तीन दिवस शिकवलं. मान हळूच उजवीकडं टाकायची, खांदा वर घ्यायचा, बोटं ताणायची, आणि कान सापडला की मान सरळ करायची. "चॉकलेट भेटंल," मी तिला सांगितलं, "पण ते मला द्यायचं." ती हो म्हणाली. ती मला कशालाच नाही म्हणत नसे. चौथ्या दिवशी मी तिला शाळेत आणलं आणि तुम्ही तिला ओट्यावर उभं केलंत. पाऊस लागला होता, ओट्यावरही अंधार होता, आणि तुमच्यासमोर अजून सात-आठ पोरं कान धरायला रांगेत उभी होती. तिनं कान धरला. तुम्ही "शाब्बास" म्हणालात आणि लिहिलंत, वय सहा. हापशामागं जाऊन ते चॉकलेट मी एकटीनं खाल्लं. तिला कागद दिला. तिनं तो चाटला, मग गुळगुळीत करून नखांनी त्याची वाटी बनवली आणि दिवसभर खुशीत खेळत बसली. मला तेव्हा लाज वाटली नाही. आता वाटते, पण त्याचा काय उपयोग?

वर्गात ती पेंगायची. तुम्ही तिच्यावर खेकसलात, "अगं, घोड्याएवढी झालीस, अजून पाटीवर एक सरळ रेघ येत नाही!" तिनं पाटी पुसली आणि पुन्हा तशीच वाकडी रेघ ओढली. चार वर्षांचं पोर हो ते, त्याला कसली रेघ येणार? पण तुम्ही काही दगड नव्हतात. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी तुम्ही मला टेबलापाशी बोलावलंत. रजिस्टर उघडं होतं, हातात पेन होतं. "खरं सांग, हिचं वय किती? मला ही लहान वाटते. चूक असेल तर आत्ताच दुरुस्त करतो, पुढं जन्मभर निस्तरता येत नाही." असं तुम्ही म्हणालात, अगदी याच शब्दांत. मी तुमच्याकडं न बघता म्हणाले, "सहाच, गुरुजी." मला वाटलं, खोटं सापडलं तर चॉकलेट परत मागाल. तुम्ही पेनाचं टोपण लावलंत.

पुढचं तुम्हाला माहीत नाही. तुम्ही निवृत्त होऊन गावी गेलात आणि तिकडंच वारलात, ते आम्हाला वर्षभरानं कळलं. कागदावर बहीण अठराची झाली तेव्हा ती सोळाची होती. बापानं शाळेचा दाखला दाखवला, कुणी काही बोललं नाही, आणि तिला तानसाकडच्या एका गावात देऊन टाकली. नवरा असून नसल्यासारखा. दरवर्षी दिवाळी झाली की ती वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. आता तिच्या कमरेचं पार वाटोळं झालंय. डॉक्टरनं सांगितलंय, ओझं उचलायचं नाही, उचलाल तर एक दिवस उठताच येणार नाही. या उन्हाळ्यात त्यांच्या गावाजवळच्या आश्रमशाळेत स्वयंपाकाला मदतनीस हवी होती. सातवी पास चालत होती, आणि तुमच्या त्या पेंगणाऱ्या पोरीनं सातवी केली होती. तिनं मला फोन केला, "ताय, भाकऱ्या थापायच्या न् भाजी निवडायची. सावलीत काम आहे गो!" सावली हा शब्द तिनं असा उच्चारला की मला पुढं ऐकवेना. वयाची अट होती. खऱ्या वयानं ती बसत होती. दाखल्यावरच्या वयानं ती बाहेर पडली.

मी धावले. आपल्या शाळेत गेले, तिथल्या बाईंनी जुनं रजिस्टर काढून दिलं. तुमचं अक्षर जसंच्या तसं आहे, टपोरं, काना नीट खाली ओढलेला. बाई म्हणाल्या, शाळा सोडल्यावर जन्मतारीख अशी बदलत नाही, जन्माची नोंद आणा. ग्रामपंचायतीत नोंद नाही, घरी बाळंतपण झालं होतं. "नोंद करणारे गुरुजी असते तर निदान त्यांचा जबाब जोडून बघितला असता," बाई म्हणाल्या. म्हणून हे तुम्हाला लिहितेय, दुसरं कुणी उरलं नाही. तालुक्याला मी अर्ज दिला, सोबत प्रतिज्ञापत्र केलं. त्यात लिहिलं की शिक्षकांनी अंदाजे व निष्काळजीपणे वय लावले. 'निष्काळजीपणे' हा शब्द लिहून देणाऱ्यानं सुचवला, मी मान हलवली. मेलेल्या माणसाला कोण विचारायला जातं? पण तेवढं करूनही काही झालं नाही. अर्ज परत आला, जागा दुसरीनं भरली, आणि दिवाळीनंतर माझी बहीण भट्टीवर जाणार आहे. कमरेला पट्टा बांधून जाईन म्हणते.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्या गावी आता तुमचं कुणी असेल-नसेल. तिला वाचून दाखवायचं मनात येतं, आणि दर वेळी गिऱ्हाईक आल्यासारखी मी उठते. दुकानात खोक्यांच्या मागं खूप जागा आहे, तिथं राहील पडून.

परवा रविवारी मी तिच्याकडं गेले. थंड कपाटातलं सगळ्यात मोठं चॉकलेट घेऊन गेले होते, कापडात गुंडाळून, वितळू नये म्हणून. तिनं त्याचे तुकडे केले, पोरांना वाटले, एक माझ्या हातावर ठेवला, मग स्वतःसाठी उरलाय का ते पाहिलं. ओट्यावर बसून आम्ही बोलत होतो. मी सांगितलं, अर्ज परत आला, गुरुजींनीच तारीख चुकवली. ती कंबर चोळत होती. मला वाटलं, तुम्हाला शिव्या घालील. पण ती म्हणाली, "गुरुजींना तरी काय ठाव? चांगले होते बिचारे. कोणाला ठावच नव्हतं तवा, ताय. तुला ठाव असतं तर तू सांगितलंच असतंस."

मी 'हो' म्हणाले, गुरुजी.